चाल कुणाची, नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या माडीवर रोज रात्री धडधड चालू होती. बहिणीचा मुलगा सुट्टीला आला होता. पोरगं गुणी आहे, पण रात्री दहानंतर त्याचा दिवस उजाडतो. गाणं म्हणावं तर गाणारं कुणी नाही. नुसता ढोल, तोही मध्येच तुटणारा, अडखळणारा, परत उठून पळत सुटणारा. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी लागली की आपल्या खिडक्यांच्या काचा कशा थरथरतात? तशी आमच्या फळीवरची पातेली वाजायला लागली. मी वर गेले ती रागवायलाच. खाली आले ती मात्र गोविंदराव टेंब्यांचा विचार करत. ते कसं, तेच आज सांगणार आहे.

भाच्यानं मला शेजारी बसवून घेतलं आणि शाळेतल्या मास्तरांसारखं समजावलं. या संगीताला म्हणे ब्रेकबीट म्हणतात. जुन्या गाण्यात गाणारा थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि चार मात्रांची आवर्तनं नुसता ढोल वाजतो, तो तुकडा म्हणजे ब्रेक. १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका बहिणीनं शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम ठेवला. तिचं नाव सिंडी कॅम्पबेल. तबकड्या लावायला तिचा भाऊ होता, त्याला सगळे डीजे कूल हर्क म्हणत. लोक सगळ्यात जास्त नाचतात ते नुसता ढोल वाजतो तेव्हा, हे या भावाच्या लक्षात आलं होतं. मग त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या आणि एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा, असा तोच तुकडा लांबवत नेला. तिथून पुढे हे सगळं वाढलं. आता दर शुक्रवारी जगभरातून नवी गाणी येतात आणि या पोरांच्या फोनवर पडतात. त्यातली कितीतरी रिमिक्स असतात, म्हणजे मूळ एकाचं आणि नवा साज दुसऱ्याचा.

मग त्यानं मला एक तुकडा ऐकवला. सहा-सात सेकंदांचा. अमेरिकेतल्या द विन्स्टन्स नावाच्या वाद्यवृंदानं १९६९ साली काढलेल्या तबकडीच्या मागच्या बाजूला तो होता. वाजवणाऱ्याचं नाव ग्रेगरी कोलमन. या एवढ्याशा तुकड्यावर पुढे हजारो गाणी उभी राहिली, लोकांनी नाव कमावलं, पैसा कमावला. कोलमनला त्यातलं काही मिळालं नाही. २००६ साली तो गेला, तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं म्हणतात. मी गप्पच बसले. ज्याच्या हाताच्या ठोक्यावर जग नाचलं, त्याच्या हातावर कुणी काही ठेवलं नाही.

आणि तेव्हाच मला आमची भजनाची वही आठवली.

तुमच्यापैकी ज्या भजनी मंडळात जातात त्यांना माहीत आहे. आपल्या वहीत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर कोपऱ्यात एक शब्द असतो. चाल. त्यापुढे कुठल्यातरी सिनेमाच्या गाण्याचे दोन शब्द. डोहाळजेवणाचं गाणं असो, बारशाचा पाळणा असो, की मंगळागौरीचं, शब्द आपल्यातल्याच कुणीतरी जुळवलेले असतात आणि चाल रेडिओवरून, टीव्हीवरून उचललेली असते. म्हणजे आपणही रिमिक्सच करतो की! फक्त आपण ते मान्य करून कोपऱ्यात लिहून ठेवतो.

ही कोपऱ्यातली चाल आपल्याकडे आली कुठून? जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं कधी हातात घेतलीत? प्रत्येक पदावर राग छापलेला असे, ताल छापलेला असे आणि त्यापुढे चाल म्हणून मूळ चिजेचे दोन शब्द. ती परंपरा ज्यांनी एका वेगळ्याच उंचीवर नेली, ते गोविंदराव टेंबे आपल्या कोल्हापूरचे.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म १८८१ सालचा. वाढले ते कोल्हापुरात. तो काळ डोळ्यांसमोर आणा. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले आणि या गावात कलावंतांना दिवस आले. तालमीत मल्ल घुमत होते, दरबारात गवई गात होते. गायन समाज देवल क्लबमध्ये मैफली होत आणि तिथे मोठमोठे गवई येऊन गात. गोविंदरावांना गाण्याची गोडी लागली ती या देवल क्लबात. घरात गुरू ठेवून, गंडा बांधून रीतसर तालीम असा प्रकार झालाच नाही. ऐकून ऐकून शिकायचं. बायका स्वयंपाक कसा शिकतात? कुणी वर्ग घेत नाही. चुलीपाशी उभं राहून, वास घेऊन, चव घेऊन येतं ते. तसंच त्यांचं झालं.

त्यांनी हातात घेतली ती पेटी, म्हणजे हार्मोनियम. आज आपल्याला पेटी किती आपली वाटते! देवळात, शाळेत, कीर्तनात, कुठेही पेटी असतेच. पण ती मुळात आपली नाही. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ नावाच्या कारागिरानं तिचं पेटंट घेतलं. तिकडे ती खुर्चीवर बसून, पायानं भाता दाबून वाजवायची. आपल्याकडे मांडी घालून बसणारी माणसं, म्हणून हातानं भाता मारायची पेटी तयार झाली. परक्या मुलखातली लेक सून म्हणून घरात आली आणि घरचीच होऊन गेली, असं त्या पेटीचं झालं.

गोविंदरावांनी पेटी वाजवायला स्वतःचं स्वतःच शिकून घेतली आणि इतकी चांगली वाजवली, की भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गवयाला ते साथ करू लागले. साथ करणाऱ्याचं काम मोठं अवघड. गवई पुढे कुठे वळणार हे ओळखायचं, मागे राहायचं नाही आणि पुढेही जायचं नाही. पुढे त्यांचं स्वतंत्र पेटीवादनही नावाजलं गेलं. साथीला बसणारं वाद्य मैफलीत मधोमध आलं.

त्याच कोल्हापुरात दरबारी गवई होते अल्लादिया खाँ. जयपूर-अत्रौली घराण्याचे ते आद्य पुरुष. खाँसाहेबांची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ऐन उमेदीत फार गाणं झाल्यामुळे त्यांचा आवाज बसला. पूर्वीसारखं गाता येईना. दुसरा कुणी खचला असता. त्यांनी जो आवाज उरला होता त्याला झेपेल, शोभेल अशी नवी गायकी घडवली आणि तीच पुढे घराण्याची ओळख झाली. जुनं मोडलं म्हणून नवं घडलं. गोविंदराव खाँसाहेबांचे रीतसर शागीर्द नव्हते, पण त्यांच्या सहवासात राहून ती गायकी त्यांनी समजून घेतली. त्या सहवासाचं ऋण ते कधी विसरले नाहीत. अखेरच्या काळात त्यांनी खाँसाहेबांचं चरित्र लिहिलं. आज देवल क्लबच्या परिसरात गेलात तर खाँसाहेबांचा पुतळा दिसतो. पुढच्या वेळी महाद्वारातून बाजार करून येताना जरा वाट वाकडी करा.

आता येते ती खरी गोष्ट. साल १९११. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांच्या कीचकवध नाटकावर इंग्रज सरकारनं १९१० मध्ये बंदी घातली होती. आता त्यांनी संगीत नाटक लिहायला घेतलं, मानापमान. गोष्ट बाईच्याच मनाची आहे. श्रीमंत घरातली भामिनी, गरीब पण शूर धैर्यधराला नाकारते. मग वनमाला या नावानं वेष बदलून त्याला जवळून पाहते आणि माणसाची किंमत पैशावर ठरत नाही हे तिला उमगतं.

त्याआधी नाटककार स्वतःच आपल्या पदांच्या चाली ठरवत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल आणलं, १८९९ साली देवलांनी शारदा आणलं. त्यात साकी होती, दिंडी होती, कामदा, अंजनीगीत होतं. ही सगळी घराघरांत म्हटली जाणारी वृत्तं. कीर्तनातली, आजीच्या तोंडची. खाडिलकरांनी मात्र चालींचं काम स्वतःकडे ठेवलं नाही, ते तिशीच्या गोविंदरावांवर सोपवलं.

गोविंदरावांनी काय केलं? ते उत्तरेकडच्या गाण्याकडे गेले. ठुमरी, दादरा, कजरी, होरी अशी नाचरी, लाडिक, मनातलं बोलणारी गाणी त्यांच्या कानात साठलेली होती. त्या चाली त्यांनी उचलल्या आणि मराठी शब्दांना दिल्या. नुसत्या उचलल्या नाहीत. हिंदी शब्द ताणता येतो, मराठी शब्द आखूड आणि खणखणीत. तिथे दोन मात्रा कमी करायच्या, इथे एक स्वर वाढवायचा, पात्राचा स्वभाव बघून लय धरायची. दुसऱ्याच्या मापाचं पोलकं उसवून आपल्या लेकीच्या अंगावर बसवायचं, तसं हे काम. ज्यांनी शिवणकाम केलंय त्यांना ठाऊक आहे, नवं शिवण्यापेक्षा हे कठीण.

१२ मार्च १९११ ला मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीनं मानापमानचा पहिला प्रयोग केला. भामिनी झाले होते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, तेव्हा अवघे बावीस वर्षांचे. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली होती. प्रयोग रद्द करावा असं बाकीच्यांना वाटत होतं. पण लोक जमले होते, कंपनीचा पैसा अडकला होता. त्यांनी तोंडाला रंग लावला आणि भामिनी म्हणून उभे राहिले. हा प्रसंग नेहमी बालगंधर्वांच्या निष्ठेसाठी सांगितला जातो. मला मात्र दर वेळी त्या घरात बसलेली त्या बाळाची आई आठवते. तिच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. असो.

नाटक तुफान चाललं. गोविंदरावांच्या चाली घराघरांत गेल्या. न्हाणीघरात, माजघरात, टांग्यात, सगळीकडे मानापमानची पदं. नाटकात वन्समोअर मिळत मिळत एकेक पद कितीही लांबे. पुढे तीच पदं ग्रामोफोनवर आली, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला मावायची तीन-साडेतीन मिनिटं. मग कात्री लागली. आलाप कमी, ताना मोजक्या. म्हणजे मूळ ठुमरीचं नाट्यपद झालं आणि नाट्यपदाचं पुन्हा तबकडीसाठी छोटं रूप झालं. भाच्याच्या भाषेत सांगायचं तर रिमिक्सचं रिमिक्स.

आता या चाली मुळात कुणाच्या? हा प्रश्न मला भाच्यामुळे पडला. ठुमरी-दादरा जतन केला, वाढवला तो बनारस, लखनौ, कोलकात्याच्या गाणाऱ्या बायकांनी. समाजानं त्यांना माडीवर ठेवलं, घरात घेतलं नाही, पण त्यांचं गाणं मात्र घेतलं. त्यातली एक गौहरजान. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात तिचं गाणं ग्रामोफोन कंपनीनं तबकडीत भरलं. भारतात मुद्रित झालेल्या अगदी पहिल्या आवाजांतला तो एक. गाणं संपलं की ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या लोकांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून. कारण साधं होतं, कारखान्याची सोय. पण त्यामुळे सव्वाशे वर्षांनंतरही ती बाई आपलं नाव स्वतःच्या तोंडानं सांगते आहे. बाकीच्या कितीजणींची गाणी राहिली आणि नावं पुसली गेली.

आपल्या नाटकांच्या पुस्तकात चाल छापली गेली, ही मोठी प्रामाणिक गोष्ट होती. उचललं तर उचललं म्हणून सांगितलं. पण छापले गेले ते चिजेचे शब्द. ती चीज ज्या गळ्यातून कानावर आली, त्या बाईचं नाव तिथे नसायचं. म्हणजे अर्धं ऋण फिटलं, अर्धं राहिलं.

गोविंदरावांचं आयुष्य पुढेही सरळ गेलं नाही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. गोविंदराव त्या भागीदारीत फार काळ राहिले नाहीत. त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. नाटकं लिहिली, पदं लिहिली, चाली दिल्या, स्वतः रंगभूमीवर उभे राहिले. पुरुषांच्या भूमिका केल्या, बायकांच्याही केल्या. नाटक कंपनी म्हणजे शंभर माणसांचा संसार. रोज चूल पेटली पाहिजे, गावोगाव बिऱ्हाड हललं पाहिजे, पडदे ओले होता कामा नयेत. कलावंताला हा हिशेब जमतोच असं नाही. तीही कंपनी कायमची राहिली नाही.

आणि मानापमान? ते त्यांच्या हातून सुटून केव्हाच लोकांचं झालं होतं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमानचा प्रयोग झाला. धैर्यधर झाले आपल्या कोल्हापूरचे केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन धनी एका रंगमंचावर. त्या रात्रीची आठवण लोकांनी नातवंडांना सांगितली. तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, वय अवघं एकतीस. शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचं नाव मिळालं. ते आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हा खासबागेच्या बाजूनं ज्वाळा बघताना गावातली मोठी माणसं लहान मुलासारखी रडली. वास्तू जळते. चाल मात्र जळत नाही, ती कुणाच्या तरी तोंडी असते.

पन्नाशी आली, तेव्हा बहुतेक माणसं निवृत्तीच्या गोष्टी बोलतात. गोविंदरावांच्या पुढ्यात तेव्हा सिनेमा आला. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. १९३१ मध्ये हिंदीत पहिला बोलपट आला आणि १९३२ मध्ये प्रभातनं अयोध्येचा राजा काढला, मराठी बोलपटांची सुरुवात. दिग्दर्शक व्ही. शांताराम. संगीत गोविंदराव टेंबे आणि राजा हरिश्चंद्राच्या भूमिकेतही गोविंदराव टेंबेच.

तारामती कोण होती? दुर्गाबाई खोटे. मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातली, लग्न झालेली, दोन मुलांची आई. घरची परिस्थिती पालटली म्हणून कामाला बाहेर पडलेली. तेव्हा चांगल्या घरच्या बाईनं पडद्यावर यायचं म्हणजे नातेवाइकांनी तोंड फिरवायचं. त्या कोल्हापूरला आल्या, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतः गायल्या. त्या काळी पार्श्वगायन नव्हतं. जो अभिनय करेल त्यानंच, चित्रीकरण चालू असताना गायचं. वाजवणारे कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून वाजवायचे. नाटकातला पल्लेदार गळा इथे कामाचा नव्हता. माइक जवळ, आवाज हळू, गाणं आटोपशीर. ज्या माणसानं अर्धा-अर्धा तास चालणाऱ्या पदांना चाली दिल्या, त्यानं पन्नासाव्या वर्षी पुन्हा नव्यानं शिकायला घेतलं. त्याच वर्षी आलेल्या मायामच्छिंद्रमध्ये ते मच्छिंद्रनाथ झाले, दुर्गाबाई राणी झाल्या.

पुढे प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. कोल्हापूरच्या वाट्याला आठवणी राहिल्या.

एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. ज्या पेटीनं गोविंदरावांना नाव दिलं, तिचं स्वतंत्र वादन त्यांनी उतारवयात सोडून दिलं. पेटीचे स्वर ठरलेले. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारावी लागते, मधल्या वाटेनं घसरत जाता येत नाही, आणि आपल्या गाण्याचा जीव तर त्या मींडेत. आकाशवाणीनं १९४० साली याच कारणावरून पेटीला दारं बंद केली, ती जवळजवळ तीस वर्षं. गोविंदरावांनी मात्र कुणी दार लावायची वाट पाहिली नसावी. आयुष्यभर जिच्यावर हात फिरवला तिची मर्यादा त्यांच्या कानांना कळली होती. आपल्याला टाळ्या मिळवून दिलेली गोष्ट बाजूला ठेवायला किती धीर लागतो! आपण तर न होणारी साडीसुद्धा टाकत नाही.

उतारवयात ते लिहायला बसले. १९३९ मध्ये माझा संगीत व्यासंग आलं, पुढे माझा जीवनविहार. कुणाचं गाणं ऐकलं, कुणाकडून काय मिळालं, हे त्यांनी लिहून ठेवलं. पुस्तकात छापलेल्या चालींमधून जे अर्धं ऋण उरलं होतं, ते फेडण्याची ही त्यांची रीत असावी, असं मला वाटतं. १९५५ मध्ये ते गेले.

आता थोडं आजचं. २००२ साली रिमिक्सचं पीक आलं होतं, आठवतं? १९७२ च्या समाधी चित्रपटातलं लताबाईंचं गाणं नव्या ठेक्यावर, नव्या कपड्यांत टीव्हीवर आलं आणि घराघरांत भांडणं झाली. आम्ही मुलांच्या हातातून रिमोट काढून घेत होतो. तेव्हा आपण चिडलो ते कपड्यांवर. मूळ संगीतकाराला, गीतकाराला काय मिळालं, हा प्रश्न आपल्यातल्या फार थोड्यांनी विचारला. तेव्हाच्या कायद्यात गाणं निघून दोन वर्षं झाली की ठरलेलं मानधन भरून कुणालाही ते नव्यानं गाऊन घेता यायचं. २०१२ मध्ये कायदा बदलला. दोनाची पाच वर्षं झाली आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येऊ नये अशी तरतूद झाली.

गोविंदरावांच्या बाबतीत कायद्याची मुदत संपली आहे. आपल्याकडे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे २०१६ सुरू झालं आणि मानापमानच्या चाली सगळ्यांच्या झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे यांनी संगीत मानापमान हा चित्रपट आणला. शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत, नवी गाणी आणि त्यांच्या जोडीला काही जुनी पदं नव्या साजात. काहींना आवडला, काहींनी नाकं मुरडली. मला नाकं मुरडणाऱ्यांची गंमत वाटते. ज्या पदांचं पावित्र्य आपण जपतो, ती पदंसुद्धा एके काळी कुणाच्या तरी ठुमरीची नवी रूपंच होती. तेव्हाच्या जुन्या मंडळींना साकी-दिंडी सोडून हे काय नवं, असं वाटलंच असेल की.

मग रिमिक्स चांगलं की वाईट? भाच्यानं मला हे विचारलं, तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता देते. कापड जुनं असो की नवं, शिवण नीट हवी. आणि कापड कुणाकडून आणलं ते सांगायला लाजू नये. मुदत संपली की कायदा विचारत नाही. त्यानंतर उरते ती आपली रीत.

हे लिहिता लिहिता माझी मान खाली गेली, ती का तेही सांगते. आमच्या भजनी मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आम्ही गाण्यांची छोटी पुस्तिका छापली. मजकूर तपासायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक गाण्यावर चाल छापली, सिनेमाचं नाव छापलं, वर्गणीदारांची यादी छापली, मांडववाल्याचे आभारही मानले. त्यातली निम्मी गाणी आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी जुळवलेली. शिक्षण चौथीपर्यंत. भाकऱ्या थापताना शब्द जुळवायच्या आणि पिठाच्या हातानं पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवायच्या. त्यांचं नाव कुठेच नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकूंनी पुस्तिका हातात घेतली, पानं उलटली, कागद छान आहे म्हणाल्या आणि देवापुढे ठेवली. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

गेल्या रविवारी मी उरलेल्या पुस्तिका माळ्यावरून काढल्या. एकोणचाळीस निघाल्या. भाचा सुट्टी संपवून निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं बसलो आणि प्रत्येक गाण्याखाली काकूंचं नाव हातानं लिहिलं. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, तेवढं कबूल करावं लागेल. ज्यांच्या घरी आधी पुस्तिका गेल्यात, त्यांच्याकडे मी पेन घेऊन जाणार आहे. काकूंचं नाव इथे लिहायला मी अगदी तयार होते, पण त्यांच्या सुनेचं म्हणणं पडलं की आधी सगळ्या पुस्तिकांत येऊ दे, मग पेपरात. तिचं बरोबर आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. पाळणा, उखाणे, ओव्या, मंगळागौरीची गाणी. आज दुपारी काढा ती. चाल लिहिलेली असेलच. तिच्याखाली ती गाणी कुणी जुळवली, कुणाच्या तोंडून तुम्ही शिकलात, ते नाव लिहून टाका. सासूबाई असतील, आत्याबाई असतील, शेजारीण असेल. माडीवरची पोरं उद्या त्या गाण्यांचं काय करायचं ते करतील. नाव मात्र आपणच लिहायला हवं, कारण ते आपल्यालाच माहीत आहे.